आठवं घर

मांजर आपल्या पिल्लांना सात घरं फिरवतं म्हणतात. वाड्यांच्या पुण्यात हे अक्षरशः खरं होतं. जिन्याखाली व्यायलेली भाटी चार दिवसांत पिल्लांना मानगुटीला धरून माळ्यावर नेणार, तिथून शेजारच्या वाड्याच्या बंबफोडीच्या ढिगाऱ्यात, तिथून कुणाच्या तरी गाद्यांच्या कपाटात. मांजर कुणाचं, हा प्रश्न कुणाला पडत नसे. ते वाड्याचं असे. डोईजड झालं की एखादा हौशी काका बोक्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येई, आणि काका चहा पिऊन घरी पोचायच्या आत बोका ओसरीवर अंग चाटत बसलेला असे. अशी एक तरी हकिकत प्रत्येक घरात आहे आणि प्रत्येकाला ती फक्त आपल्याच घरात घडली असं वाटतं.

आता मांजराला नाव असतं, डॉक्टर असतो, प्लास्टिकच्या फोल्डरात फाइल असते. २०२२ मध्ये पुणे महापालिकेनं कुत्र्यांप्रमाणे पाळीव मांजरांचीही नोंदणी सक्तीची केली. २०२५ च्या फेब्रुवारीत हडपसरच्या एका सोसायटीत एकाच फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरी आढळल्या आणि महापालिकेला नोटीस काढावी लागली, ती बातमी देशभर गेली. हे टोकाचं उदाहरण सोडून द्या. पण बाणेर-बालेवाडीपासून कोथरूड-सिंहगड रस्त्यापर्यंत एक-दोन मांजरं असलेली घरं आता पावलोपावली आहेत, आणि याच घरांतली मुलं हिंजवडीहून लंडनला, चाकणहून जर्मनीला निघालेली आहेत. पूर्वी अशा वेळी मांजर शेजारच्या काकूंकडे जायचं. आता ते विमानानं जातं.

त्यात बहुतेक घरं एकाच ठिकाणी चुकतात. नोकरीचं पत्र, व्हिसा, तिकीट, सामान हे सगळं झाल्यावर शेवटी मांजराचं बघायला घेतात. बघायचं असतं नेमकं उलट. माणसाचा व्हिसा काही आठवड्यांत होतो. युरोपात किंवा इंग्लंडमध्ये जायचं तर मांजराला चार-पाच महिने लागतात, आणि ते कुणाची ओळख काढून कमी होत नाहीत.

माझ्या भाचीकडे हेच झालं. श्टुटगार्टची नोकरी पक्की झाली, रुजू व्हायची तारीख ठरली, आणि मग डहाणूकर कॉलनीतल्या सोफ्याच्या पाठीवर पसरलेल्या गुंड्याकडे सगळ्यांची नजर गेली. गुंड्या म्हणजे पार्किंगमध्ये सापडलेला राखाडी पट्ट्यांचा देशी बोका. कागदोपत्री तो ‘डोमेस्टिक शॉर्ट हेअर’ आहे, हे घरच्यांना त्या दिवशी दवाखान्यात कळलं. भाचीनं लसींचं पुस्तक मोठ्या आत्मविश्वासानं पुढे केलं. ट्रायकॅट वेळेवर, रेबीज वेळेवर, दर वर्षीचं स्टिकर, सही, शिक्का. डॉक्टरांनी पानं उलटली आणि विचारलं, “चिप कधी मारली?”

“चिप नाही मारली, डॉक्टर. तो बाहेर जातच नाही ना.”

“मग या सगळ्या रेबीजच्या लसी युरोपच्या हिशेबी शून्य.”

तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप. दोन खांद्यांच्या मधल्या सैल कातडीखाली जाड सुईनं जाते. बॅटरी नाही, जागेचा ठावठिकाणा सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त पंधरा आकडी नंबर दाखवते. चिप आयएसओ प्रमाणाची असावी लागते, म्हणजे तिकडचा स्कॅनर ती वाचू शकतो. ती आधी किंवा निदान त्याच दिवशी, आणि रेबीजची लस त्यानंतर. कारण साधं आहे: चिप नसलेल्या मांजराला लस दिली याचा पुरावा काय? पुस्तकातला गुंड्या आणि टेबलावरचा गुंड्या एकच, हे सिद्ध कसं करणार? राखाडी पट्ट्यांचे बोके पुण्यात हजारो असतील. गुंड्याला त्या दिवशी चिप बसली, स्कॅनर फिरला, नंबर उमटला, त्याचे बारकोडचे स्टिकर पुस्तकात लागले आणि रेबीजची लस नव्यानं दिली गेली. बोक्यानं एवढ्यात फक्त डॉक्टरांच्या घड्याळाचा पट्टा चावला.

तिथून दिवस मोजायचे. लसीनंतर किमान ३० दिवस थांबून रक्त काढायचं. रक्तातलं सीरम वेगळं करून, थंड ठेवून, युरोपीय संघानं मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रेबीजविरोधी प्रतिपिंडं मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरली पाहिजेत. याला सगळे नुसतं ‘टायटर’ म्हणतात. टायटर पास झाला तरी रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने घरीच. पहिल्यांदाच लस घेणारी काही मांजरं या परीक्षेत नापास होतात, म्हणून जाणते डॉक्टर आधी बूस्टर देऊन मग रक्त काढतात. लस बारा आठवड्यांच्या आत चालत नाही, त्यामुळे अगदी पहिल्या दिवसापासून आखणी केली तरी पुण्यात जन्मलेलं पिल्लू साधारण सात महिन्यांचं होईस्तोवर युरोपात जाऊ शकत नाही. आणि पुढचा बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तर चिप सोडून बाकी सगळं पुन्हा.

तीन महिन्यांच्या या थांबण्यावर लोक सगळ्यात जास्त चिडतात. रिपोर्ट हातात आहे, प्रतिपिंडं भरपूर आहेत, मग आता कशाला? पण हे थांबणं लसीचा परिणाम होण्यासाठी नसतंच. लस घेण्याच्या आधीच मांजराला कुणी चावलं असेल, विषाणू आधीच आत शिरलेला असेल, तर प्रतिपिंडं चांगली दिसूनही रोग वर येऊ शकतो. रेबीज लक्षणं दाखवायला आठवडे घेतो, कधी महिने. तो दिसायचा असेल तर इथेच दिसावा, असा हा हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार रेबीजनं जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात. डहाणूकर कॉलनीतला गुंड्या तिसऱ्या मजल्यावरून कधी उतरला नाही, हे जर्मनीच्या अधिकाऱ्याला कोण पटवणार?

इंग्रज तर या बाबतीत पूर्वापार खडूस. पहिल्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांनी कुत्री चोरून आणली आणि गेलेला रेबीज पुन्हा घरात आला. तो १९२२ मध्ये संपवला. परदेशातून येणाऱ्या प्रत्येक कुत्र्या-मांजराला सहा महिने विलगीकरण हा नियम त्यांनी जवळजवळ शंभर वर्षं चालवला. त्यात वशिला नव्हता, याचं उदाहरण म्हणजे सायमन. हाँगकाँगच्या बंदरातून एका खलाशानं उचललेला हा काळा-पांढरा बोका ‘अ‍ॅमेथिस्ट’ या युद्धनौकेवर होता. एप्रिल १९४९ मध्ये यांगत्से नदीत नौकेवर तोफा डागल्या गेल्या. सायमन जखमी झाला, भाजला, आणि तरी अडकून पडलेल्या नौकेवरच्या धान्याचा फडशा पाडणाऱ्या उंदरांचा त्यानं बंदोबस्त केला. प्राण्यांच्या शौर्याचं डिकिन पदक मिळालेलं आजवरचं हे एकमेव मांजर. नोव्हेंबरात नौका प्लिमथला पोचली तेव्हा धक्क्यावर स्वागताला गर्दी होती. सायमनला मात्र नियमाप्रमाणे सरेमधल्या विलगीकरणात नेलं, आणि सहा महिने कसले, २८ नोव्हेंबरला तो तिथेच मेला.

सहा महिन्यांची ती कोंडी २००० साली चिप, लस, टायटर या तिकडीनं सुटू लागली. भारतासारख्या देशांतून येणाऱ्यांना हा दरवाजा २०१२ मध्ये उघडला, जेव्हा ब्रिटननं युरोपशी नियम जुळवून घेतले. म्हणजे आज आपण ज्या तीन महिन्यांवर कुरकुरतो, ते घरच्या सोफ्यावर काढायचे असतात. आधीच्या पिढीतल्या मांजरांनी याच्या दुप्पट काळ अनोळखी पिंजऱ्यात काढला. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही.

देशागणिक मात्र तऱ्हा वेगळी. अमेरिकेच्या केंद्रीय नियमांत मांजराला रेबीजच्या लसीचा दाखलासुद्धा सक्तीचा नाही. राज्य आणि विमान कंपनी काय मागेल ते वेगळं. कुत्र्याचं अगदी उलट. ऑगस्ट २०२४ पासून भारतासारख्या देशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर अमेरिकेनं चांगलाच फास आवळला आहे. त्यामुळे घरात दोन्ही असतील तर न्यू जर्सीला मांजर आधी आणि कुत्रं नंतर, असं होतं. कॅनडालाही रेबीजच्या लसीचं नीट प्रमाणपत्र पुरतं. जपान रक्त काढल्यापासून १८० दिवस थांबवतो आणि येण्याच्या ४० दिवस आधी वर्दी मागतो. ऑस्ट्रेलिया तर भारतातून थेट मांजर घेतच नाही. आधी एखाद्या मान्य देशात मुक्काम, तिथून पुढची कागदपत्रं, आणि शेवटी मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या सरकारी केंद्रात किमान १० दिवस. सिडनीला निघालेल्या कुटुंबानं हे वाचून मांजर आजीकडे ठेवायचं ठरवलं तर त्यांना निर्दय म्हणू नये.

खरं तर प्रत्येक मांजरानं जाऊच नये. मूत्रपिंडं थकलेली पंधरा वर्षांची भाटी, हृदयाचं दुखणं असलेला बोका, यांना न्यावं का हे डॉक्टरांशी मोकळेपणानं बोलायला हवं, आणि बोलताना आपल्या अपराधी वाटण्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवावं. पर्शियन मांजरांचा प्रश्न आणखी वेगळा. चपट्या नाकामुळे त्यांना उष्णतेत श्वास पुरत नाही. कित्येक विमान कंपन्या अशी मांजरं मालवाहू कप्प्यातून न्यायला नकार देतात किंवा उन्हाळ्यात बंदी घालतात. मुलाच्या हट्टापायी पर्शियन घेतलेल्या घरांना हे कळतं तेव्हा पॅकर्स-मूव्हर्स दारात आलेले असतात.

इंग्लंडला जाणाऱ्या मांजराला विमानात मालकाच्या पायाशी बसता येत नाही. ते मालवाहतुकीतूनच जातं आणि हीथ्रोला लंडन महापालिकेच्या प्राणी स्वागत केंद्रात उतरतं. यासाठी पिंजरा आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या मापाचा लागतो: मांजराला आत नीट उभं राहता, वळता आणि लोळता आलं पाहिजे. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी, कोपरापर्यंत पायाची उंची, खांद्याची रुंदी अशी शिंप्यासारखी मापं घ्यावी लागतात. आणि भाडं मांजराच्या वजनावर नसतं. साठ बाय चाळीस बाय चाळीस सेंटिमीटरचा पिंजरा असेल तर या तिन्हींचा गुणाकार भागिले सहा हजार, म्हणजे सोळा. चार किलोच्या मांजराचं सोळा किलोचं भाडं. त्यात एजंट, टायटर, प्रमाणपत्रं धरली की एका मांजरामागे लाखाच्या वर आकडा सहज जातो. “एवढ्यात आपण काश्मीर केलं असतं,” हे वाक्य मी एकाहून जास्त घरांत ऐकलं आहे. बोलणारे बहुधा वडील असतात, आणि पैसे काढून देणारेही तेच.

जर्मनीसारख्या देशांना जाणाऱ्या काही युरोपीय विमान कंपन्या मात्र मांजर केबिनमध्ये नेऊ देतात. लुफ्थान्साची मर्यादा पिशवीसकट आठ किलोंची. एमिरेट्सच्या केबिनमध्ये मांजराला जागा नाही, पण दुबई आणि पाकिस्तानातल्या काही शहरांदरम्यान बहिरी ससाण्याला आहे. हौसेला मोल नाही ते असं. गुंड्याचं वजन साडेपाच किलो. पिशवी दीड. तरीही निघायच्या आधीचा महिनाभर माझ्या बहिणीनं, म्हणजे भाचीच्या आईनं, त्याच्या वाटीवर लक्ष ठेवलं, जे तिनं नवऱ्याच्या साखरेवर कधी ठेवलं नव्हतं.

रक्त काढून झाल्यावर भाची एकटीच पुढे गेली होती. युरोपात खासगी प्रवासी म्हणून मांजर न्यायचं तर मालक आणि मांजर यांच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर चालत नाही, म्हणून त्याला आणायला तिला सुट्टी काढून परत यावं लागलं. मधले महिने तयारीचे, आणि ती सगळी बहिणीच्या अंगावर. पिशवी पहिल्या दिवसापासून हॉलमध्ये उघडी ठेवली. आत गुंड्याची जुनी, केसाळ झालेली चादर. धुवायची नाही, अशी सक्त ताकीद. मांजर जग वासानं ओळखतं, आणि आपला वास असलेली वस्तू त्याला भिंतीइतकी पक्की वाटते. आधी पिशवीशेजारी वाटी, मग पिशवीच्या तोंडाशी, मग आत. सुकटीचा तुकडा आत टाकला की बोका जाई, खाई आणि मागच्या मागे बाहेर येई. पंधरवड्यानंतर एका दुपारी तो स्वतःहून आत जाऊन झोपला. बहिणीनं फोटो पाठवला, खाली लिहिलं: “गृहप्रवेश झाला.” पुढे चेन लावून दोन मिनिटं, दहा मिनिटं, मग रिक्षातून कर्वे पुतळ्यापर्यंत आणि परत. रिक्षावाल्यानं विचारलं, “ताई, आजारी आहे का?” बहीण म्हणाली, “नाही, प्रॅक्टिस चाललीय.” त्यानं मीटर न बघता पैसे घेतले, ते दयेपोटी की भीतीपोटी कोण जाणे.

“गोळी देऊन झोपवून नेता येत नाही का?” हा प्रश्न प्रत्येक आजोबा विचारतात. नाही. गुंगीच्या औषधानं रक्तदाब उतरतो, तोल जातो, शरीराचं तापमान सांभाळता येत नाही, आणि वर हवेत बघायला डॉक्टर नसतो. विमान कंपन्या गुंगीतला प्राणी घेत नाहीत. काही मांजरांना डॉक्टर सौम्य औषध देतात, पण ते त्यांनी ठरवायचं, आधी घरी देऊन बघायचं आणि कंपनीला सांगायचं.

आता एक पुणेरी गंमत. महाराष्ट्राचं पशुसंवर्धन आयुक्तालय औंधला, जनावरांच्या लसी बनवणारी राज्याची संस्थाही औंधलाच. पण मांजराला देशाबाहेर जायचं प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या प्राणी विलगीकरण व प्रमाणन सेवेचं लागतं, आणि पुणेकरांना त्यासाठी मुंबई गाठावी लागते. युरोपचं आरोग्य प्रमाणपत्र दिल्यापासून १० दिवसांत तिकडे पोचावं लागतं, म्हणजे हे काम आधी करून ठेवता येत नाही. त्यामुळे शेवटचा आठवडा फाइल, झेरॉक्स आणि एक्स्प्रेसवेचा. चिपचा नंबर पंधरा आकडी. लसीच्या पुस्तकात, टायटरच्या रिपोर्टात आणि प्रमाणपत्रात तो तंतोतंत एकच हवा. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर विमानतळावरच्या माणसाच्या लेखी ते दुसरंच मांजर. भाचीनं तिन्ही कागदांवरचे आकडे आईला मोठ्यानं वाचायला लावले, आणि बहीण श्रीसूक्त म्हणावं तशी एका लयीत वाचत गेली.

निघायच्या दिवशी दुपारनंतर खाणं बंद, पाणी चालू. गुंड्या लोणावळ्यापर्यंत ओरडला, घाटात गप्प झाला आणि पनवेलला पुन्हा सुरू झाला. पिशवीत लहान मुलांचे डायपर पॅड अंथरलेले होते. त्यांचं चीज कामोठ्याच्या आसपास झालं. खरी परीक्षा सुरक्षा तपासणीत. पिशवी एक्स-रेच्या पट्ट्यावरून जाते, मांजर जात नाही. ते काढून हातात घ्यायचं आणि दारातून चालत जायचं. मध्यरात्रीचं मुंबई विमानतळ, पट्ट्यांवर आपटणारे ट्रे, आणि साडेपाच किलोचा घाबरलेला बोका. इथे बोका सुटला तर सगळे महिने पाण्यात. म्हणून छातीपट्टा घरीच घालून आणायचा, दोरी मनगटाला गुंडाळायची, आणि अधिकाऱ्याला आधीच सांगून बंद खोलीत तपासणी मागायची. मागितली की बहुधा देतात. गुंड्यानं भाचीच्या खांद्यात नखं रुतवली आणि तोंड तिच्या केसांत खुपसलं. तपासणारी बाई म्हणाली, “माझ्याकडे दोन आहेत.” मग तिनं त्याच्या पोटाखालून हात फिरवून तपासणीही केली, कर्तव्य म्हणून.

फ्रँकफर्टला लाल मार्गिकेतून जायचं, कागद दाखवायचे. स्कॅनर खांद्यांमधून फिरला, नंबर जुळला, झालं. इतक्या महिन्यांच्या खटाटोपाचा निकाल काही क्षणांत लागतो, याचा थोडा रागच येतो. तिथून श्टुटगार्टची गाडी. पिशवीतलं घरगुती मांजराएवढं जनावर जर्मन रेल्वे फुकट नेते. आकाराचं मापच त्यांनी मांजर धरलंय.

नव्या घरात पहिले काही दिवस एकच खोली द्यावी, असं सगळे डॉक्टर सांगतात. वाळूचा डबा, पाणी, वाटी, लपायला जागा, आणि ती न धुतलेली चादर. सगळं घर एकदम मोकळं दिलं तर मांजर कुठल्या तरी कपाटामागे जातं आणि येत नाही. लपणं चालतं, न खाणं चालत नाही. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते आणि ते जिवावर बेततं, जाडजूड मांजरांच्या तर हमखास. बोक्याची लघवी अडकते का, हेही बघावं लागतं. ताणानं मूत्राशय सुजतं आणि नळी बारीक असते. वाळूत बसून ओरडतोय पण होत नाही, असं दिसलं की सकाळची वाट न बघता दवाखाना. गुंड्या दीड दिवस पलंगाखाली होता. तिसऱ्या वेळी व्हिडिओ कॉलवर बहिणीनं नेहमीच्या सुरात “गुंडोबा, मासा” अशी हाक मारली आणि तो फोनपर्यंत आला. फोनमध्ये मासा नाही हे कळल्यावर त्यानं वाटीतला खाल्ला.

घरमालकाची धास्ती भाचीला पुण्याहूनच होती. इथे ‘पेट्स नॉट अलाउड’ ऐकून तिनं दोन फ्लॅट सोडले होते. सोसायट्यांना प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं २०१५ मध्येच स्पष्ट केलेलं असूनही. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयानंही मार्च २०१३ मध्ये छापील भाडेकरारातली कुत्र्या-मांजरांवरची सरसकट बंदी अवैध ठरवली. फरक एवढाच, की तिथला घरमालक निकाल वाचून गप्प बसला, आणि आपल्याकडचा चेअरमन निकाल वाचल्यावर सर्वसाधारण सभा बोलावतो.

परत यायचं ठरलं तर? भारतही एनओसी मागतो, कागद मागतो, आणि वास्तव्य बदलणाऱ्या माणसाला सामानाबरोबर दोनच पाळीव प्राणी आणू देतो. २०२२ मध्ये युक्रेनमधून निघालेल्या आपल्या विद्यार्थ्यांनी मांजरं-कुत्री मागे टाकायला नकार दिला, तेव्हा सरकारनं त्या वेळेपुरती या नियमांत ढील दिली होती. एरवी जाताना जपलेली फाइलच येताना कामाला येते. टायटर एकदा पास झाला की बूस्टर न चुकवणाऱ्याला युरोपसाठी तो पुन्हा करावा लागत नाही, म्हणून बहिणीनं पुढच्या लसीची तारीख इथल्या कालनिर्णयवर लिहून ठेवली आहे, दूधवाल्याच्या हिशेबाशेजारी.

तिकडे पहिल्या तपासणीलाच श्टुटगार्टच्या डॉक्टरबाईंनी गुंड्याच्या नावानं युरोपीय संघाचा पाळीव प्राण्यांचा निळा पासपोर्ट करून दिला. जन्मतारखेच्या जागी ‘अंदाजे’. भाचीला कायमच्या वास्तव्याचा अर्ज करायला, बी-वन पातळीचं जर्मन आलं तरी, २१ महिने नोकरी करावी लागणार आहे. ती रोज संध्याकाळी क्रियापदं घोकते. गुंड्या त्या वहीवर बसतो.